कलम बावीसचा डगला

आमच्या मुगभाटातल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याचा एक दांडा यंदाच्या पावसात कुजून गळून पडला. सागवानी, कातीव, मधे पोट आणि वर-खाली बांगड्या असलेला. चाळीतल्या तीन पिढ्यांनी लहानपणी त्या दांड्यांमधे डोकं अडकवून घेतलेलं आहे, म्हणजे तसा तो आमच्या वंशावळीतलाच. कंत्राटदार म्हणाला, तिथे लोखंडी पाइप ठोकू. आणि चाळीच्या मीटिंगमध्ये मी उठून म्हणालो, "पाइप नको, दांडा मी करून देतो."

तळमजल्यावर आमच्या मामाचा गाळा आहे. मामा कातकाम करायचा. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब. मामा गेला, लेथ राहिला. मी बँकेतून निवृत्त, आणि लाकडाशी माझा संबंध पेन्सिलीला टोक काढण्यापुरता. पण मोटर बदलून घेतली, पट्टा नवा घातला, आणि पुढचा प्रश्न आमच्या हिने विचारला.

"घालणार काय?"

मला वाटलं, काळजी. ती होती घराची. "भुसा घरात आला तर तुम्ही बाहेर," असा पुढचा खुलासा लगेच झाला.

हिचे थोरले काका लालबागला राहतात. तात्या. १९८२ च्या गिरणी संपापर्यंत एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. सल्ला घ्यायला मी गेलो तो झुळझुळीत कुडता, लेंगा आणि मनगटाला गणपतीत बांधलेला लाल दोरा, अशा थाटात. तात्यांनी मला दारातच उभं केलं आणि दोन बोटांच्या चिमटीत माझी बाही धरून ओढली. मग कुडत्याचा घेर. मग लेंग्याच्या नाडीचं लोंबतं टोक. मग दोरा.

"जावईबापू, माझ्या चिमटीत जे येतं ते मशीनच्या पण येतं. फरक इतकाच, मी सोडतो."

घरी येऊन मी बँकेच्या सवयीने हिशेब मांडला. लेथ मिनिटाला १,००० फेरे घेतो असं धरा. पाच सेंटिमीटर जाडीचं लाटणं एका फेऱ्यात साधारण सोळा सेंटिमीटर कापड गुंडाळतं. साठ सेंटिमीटरची बाही चार फेऱ्यांत संपते. म्हणजे पाव सेकंद. 'आई गं' म्हणायलाही याहून जास्त वेळ लागतो. आणि बाहीच्या आत हात असतो, हा मुद्दा हिशेबात धरलेलाच नाही. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात गेली ती गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. ती मोटार होती, वाऱ्यावर मिरवायची हौस होती. आमच्याकडे लोक खांद्यावर पंचा टाकून गिरणी चालवतात. आपल्या बाराबंदीकडे तर मला आता नीट बघवत नाही. बारा बंद म्हणजे यंत्राला बारा आमंत्रणं. जानवं असेल तर तेही आत खोचायचं. कानाला गुंडाळायची पद्धत वेगळ्या कामासाठी आहे.

खरेदीला निघालो. परदेशातले हौशी कातारी एक खास डगला घालतात, त्याचं चित्र मी पाहून ठेवलं होतं. गळ्यापर्यंत बंद, बाह्या आखूड, पुढे खिसा नाही. किंमत मात्र अशी की त्यात आमचा महिन्याचा किराणा बसला असता, वर फराळाचंही निघालं असतं. म्हणून नागदेवी स्ट्रीट. (लोहार चाळीत लोहार मिळत नाही, विजेचं सामान मिळतं, नागदेवीला मात्र हत्यारं मागितली तर हत्यारंच मिळतात.) दुकानदाराने लेथचं नाव ऐकताच जाडजूड हातमोजे पुढे केले.

"हे नकोत."

"काका, सेफ्टीचा माल आहे."

"म्हणूनच नकोत." फिरत्या लाकडाजवळ हातमोजा म्हणजे पाहुण्याच्या हातात आपलं मनगट देणं. नुसत्या हाताला चाटून गेलं तर कातडी सोलते, मोज्याला धरलं तर पंजा ओढला जातो. हे मी त्याला तात्यांच्या आवेशात, त्याचीच बाही चिमटीत धरून समजावलं. त्याने ती शांतपणे सोडवून घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दादरला गणवेशाच्या दुकानात प्रयोगशाळेचा पांढरा कोट बघितला. बाह्या लांब, पुढे मोठाले खिसे. लेथवर लाकडाचे छिलपे थेट छातीवर येतात, तेव्हा पुढचा खिसा म्हणजे भुशाची पिशवी. शिवाय तो कोट घालून मी गाळ्यात बसलो असतो तर चाळीतल्या म्हाताऱ्या रक्तदाब तपासायला आल्या असत्या. स्वयंपाक्याचा एप्रन? त्याचे मागचे बंद. रेनकोट? मुंबईच्या मे महिन्यात रेनकोट घालून लाकूड कातणाऱ्या माणसाला मारायला लेथची गरज नाही, तो आधीच उकडून गेलेला असतो.

युक्ती सापडली ती ठाकुरद्वारच्या सलूनमध्ये. माझ्या अंगावरची चादर नव्हे; तिच्या घेरात तर लेथसकट मामाचा गाळा मावला असता. कापणाऱ्याच्या अंगावरचं जाकीट. अर्ध्या बाह्या, बंद गळा, गुळगुळीत टेरिकॉट. दिवसभर केस उडतात आणि एकही टिकत नाही. मी खुर्चीतूनच हात लांबवून त्याला चिमटा घेऊन बघितला. वस्तरा त्याच्या हातात होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मंगलदास मार्केटमध्ये दोन मीटर कापड घेतलं. निव्वळ सुती अंगाला बरं, पण भुसा त्यात जीव रोवून बसतो. निव्वळ पॉलिस्टरवरून घसरतो, पण घाम आतच राहतो, आणि पटाशीला सहाणेच्या चाकावर धार लावताना ठिणगी पडली तर भोक. म्हणून मिश्र. आमच्या शिंप्याला मापं दिली तेव्हा खरी अडचण आली.

"खिसा?"

"नको."

"काका, पेन कुठे ठेवणार?"

"नाही ठेवणार."

"खिशाशिवाय शिवलं तर लोक मला हसतील."

शेवटी तडजोड म्हणून खिसा पाठीला, कमरेच्या खाली. माझं काहीतरी बिनसलंय असं त्याने शेजारच्या पानवाल्याला सांगितल्याचं मला पानवाल्याने सांगितलं. कापड, शिलाई, चेन सगळं मिळून ६५० रुपये.

आता गळ्याच्या वरचं. इथे माझी काटकसर साफ आपटली. घरात २०२० सालचा करोनातला पारदर्शक मुखवटा पडून होता, तीस रुपयांचा. तो तात्यांना दाखवला. त्यांनी एका बोटाने टिचकी मारली, मुखवट्याला खळी पडली. शिंक अडवायची वस्तू ती. लेथवरून सुटलेला लाकडाचा तुकडा काही शिंकत येत नाही. दहा इंची वाडगा मिनिटाला त्याच हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी ४५-५० किलोमीटरने पळते, म्हणजे आंबेडकर रोडवरच्या आमच्या बसपेक्षा बरीच जोरात. तेव्हा पॉलिकार्बोनेटचा, आयएसआय छापाचा, कपाळापासून हनुवटीपर्यंतचा मुखवटा घेतला. डगल्यापेक्षा महाग. गळ्याखाली हवा तेवढा चिकटपणा करावा, गळ्यावर उधळावं.

नाकाचं काय? लालबागला मिरची कांडणारे लोक नाकाला फडकं बांधतात, तसं आपणही बांधू, असं मी म्हणालो. पण घासकागद मारताना उडणारी बारीक धूळ फडक्याला जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला तंबाखूच्या धुराच्या पंगतीत, पहिल्या गटात बसवलंय. ही माहिती तात्यांनी तंबाखू मळता मळता लक्ष देऊन ऐकली. करोनातले एन-९५ मास्कही उरले होते, पण त्यांचे इलॅस्टिक ओढताच तुटले, म्हणून नवे आणले. चपलांना मनाई. हातून सुटलेली पटाशी नेहमी टोकावरच पडते, आणि पायावरच.

"गिरणीत तुम्हाला कपडे कोण द्यायचं?" मी तात्यांना विचारलं.

"कोण देणार? कापडाची गिरणी, आणि अंगात आमची फाटकी बंडी."

वास्तविक कायदा होता. १९४८ चा फॅक्टरी कायदा, कलम २२. चालू यंत्राची तपासणी किंवा तेल-वंगण करायचं तर ते खास तालीम घेतलेल्या प्रौढ पुरुषाने, अंगाबरोबरचे घट्ट कपडे घालून करायचं. ते कपडे कारखाना चालवणाऱ्याने पुरवायचे आणि त्या माणसाचं नाव रजिस्टरात नोंदवायचं. हे मी रात्री हिला मोठ्याने वाचून दाखवलं, ६५० रुपये घरखर्चात टाकता येतील या आशेने.

"खास तालीम घेतलेला प्रौढ पुरुष," ती म्हणाली. "त्यातलं प्रौढ तेवढं जमतंय."

डगला आला रविवारी. खिसा पाठीला होता, आणि शिंप्याने तेच धोरण पुढे नेऊन चेनही पाठीलाच लावली होती. भांडायला निघालो, पण तात्या खूश. पुढून आता काही म्हणजे काही चिमटीत येत नव्हतं. फक्त माझा मला तो घालता येईना. शेवटी हिने मागून चेन ओढली, समोर येऊन उभी राहिली आणि काकांची पुतणी शोभेल अशी दोन बोटं पुढे केली. बाही सुटली, गळा सुटला. पोट सापडलं.

"याचं काय करणार?"

मी श्वास आत घेतला. ती स्वयंपाकघरात गेली, कालनिर्णयावरच्या त्या दिवसाच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. गाळ्यात जाताना मी डोकावून पाहिलं. 'दूध दीड लिटर. हे - लेथवर, ९.१०.'