फ्री लेफ्टवाले नाना

आमच्या सोसायटीतले नाना सरळ रस्त्यावर अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. डावीकडे वळायचं असलं की मात्र त्यांच्या अंगात येतं.

कर्वे रस्त्यावर, नळस्टॉपला सिग्नल लाल. ॲक्टिव्हाच्या हुकाला दुधीची पिशवी, हेल्मेट डिकीत सुखरूप. पुढे सरळ जाणारी रिक्षा, आणि ती अर्थातच डाव्या कडेला. नाना आधी एक आखूड हॉर्न देतात, मग एक लांब, आणि मग अंगठा दाबलेलाच ठेवतात.

"अहो, लेफ्ट फ्री आहे! जरा पुढे घ्या की!"

पुढे म्हणजे थेट झेब्रा पट्ट्यांवर, जिथून एक आजी नातवाचा हात धरून चाललेल्या असतात.

रिक्षावाला मानही वळवत नाही. "पाटी दाखवा काका, लगेच घेतो."

पाटी नसते. लाल दिव्याला रेषेआड थांबायचं. डावीकडे जायचं तर तशी पाटी हवी, हिरवा बाण हवा, नाहीतर वेगळी लेन. पुण्यात मात्र हा नियम लायसन्सच्या परीक्षेपुरता.

वाद वाढला की नाना अमेरिका काढतात. मुलगा न्यू जर्सीत. "तेलाच्या टंचाईत १९७५ साली तिथे केंद्र सरकारने कायदाच केला. लाल दिव्याला उजवीकडे वळू द्या, पेट्रोल वाचवा! आपण अजून उभेच!" हे खरंच आहे. पण तिथे वळण्याआधी गाडी पूर्ण थांबवावी लागते आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, हे ते गाळतात. मुलाकडे गेले होते तेव्हा "कोणी नाहीये, काढ गाडी," असं ते शेजारच्या सीटवरून सांगत राहिले आणि मुलगा "बाबा, तिकीट येईल" म्हणत राहिला. न्यूयॉर्क शहरात तर पाटी असल्याखेरीज लाल दिव्याला वळायलाच बंदी. तिथे नाना सिग्नलगणिक तळमळले. ही माहिती अर्थात नानींची.

संध्याकाळी हेच नाना पायी फिरायला निघतात. परवा त्याच चौकात एक मोटार डावीकडे वळत अंगावर आली. नानांनी बॉनेटवर छत्री आपटली.

"दिवा दिसत नाही? लाल आहे!"

"काका, लेफ्ट फ्री असतो."

"कुणी सांगितलं?"

"सकाळी तुम्हीच रिक्षावाल्याला सांगत होतात," नानी म्हणाल्या. नाना म्हणाले, ती गोष्ट वेगळी, तेव्हा आपण गाडीवर होतो.

सरळ जाणाऱ्यांनी डावी कड अडवू नये, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण पाटी नसेल तिथे थांबावं, आणि असेल तिथेही चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. २०१९च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं कायद्याने धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं; पहिल्या गुन्ह्यालाच हजार ते पाच हजार दंड, शिवाय तुरुंगवासाचीही सोय आहे. नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. त्या मोटारवाल्याला करायलाच हवा."