घरच्या माणसाला कागद कशाला?

आमच्या ओळखीच्या एका कापडवाल्या शेठना लिहिण्याचा अजिबात कंटाळा नाही. दुकानाच्या पायरीवरच पाटी आहे, ‘चपला इथेच काढाव्यात, हरवल्यास आम्ही शोधणार नाही.’ गल्ल्याच्या वर, ‘उधार मागून आपला आणि आमचा वेळ घालवू नये.’ साड्यांच्या गादीपाशी, ‘घ्यायची नसल्यास उलगडायला लावू नये.’ 1 ते 4 दुकान बंद, हे तर शटरवर थेट तेलरंगात आहे. असा हा सिद्धहस्त लेखक. पण एवढ्या वर्षांत एकाही नोकराला त्यांनी नेमणुकीचं पत्र लिहून दिलेलं नाही.

“घरच्या माणसाला कुणी कागद देतं का, साहेब?” ते मलाच विचारतात.

घरचा माणूस म्हणजे अण्णा. सकाळी शटर वर करणं आणि रात्री खाली ओढणं, दोन्ही अण्णांकडे. दुपारी शेठ घरी जाऊन जेवतात, वामकुक्षी घेतात; अण्णा बंद शटरमागे डबा खाऊन सकाळी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालतात. दिवाळीला त्यांना जे पाकीट मिळतं त्याला दुकानात ‘खुशी’ म्हणतात. आत किती असेल ते शेठना त्या दिवशी किती खुशी झाली आहे त्यावर अवलंबून. मागे दुकानाच्या वरच्या मजल्याची वाटणी झाली, तेव्हा घरची सगळी माणसं सह्यांना बोलावली होती. अण्णांना चहा आणायला पाठवलं होतं.

याच शेठनी आपला रिकामा फ्लॅट भाड्याने दिला आहे. करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवावाच लागतो. सोबत परिशिष्ट: छताचे पंखे चार, ट्यूबलाइट सहा, गिझर एक, किल्ल्यांचे जोड दोन, भिंतीत खिळा ठोकू नये. म्हणजे शेठच्या मालकीचा प्रत्येक पंखा सरकारदरबारी कागदावर आहे. दुकानातल्या पंख्याखाली उभं राहून साड्या दाखवणारा माणूस तेवढा तोंडी आहे.

आणि मग सीएचा फोन आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेप्रमाणे प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं; ज्या जुन्या माणसांना ते कधी दिलेलंच नाही, त्यांना तीन महिन्यांच्या आत. शेठनी पहिला प्रश्न विचारला तो पिढीजात होता, “किती माणसांपासून?”

“दहा.”

“मग आम्ही नऊ.”

वाचकांनी हसू नये. नऊ हा आपल्या व्यापाराचा शुभ अंक आहे. राज्य विमा दहापासून, ग्रॅच्युइटी दहापासून, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती दहापासून. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आला तोही दहापासूनच. साहजिकच लक्ष्मी रोडपासून दादरपर्यंत कुठल्याही भरल्या दुकानात मोजायला गेलात तर मस्टरवर नऊ जण निघतात. दहावा गावाहून आलेला भाचा असतो, अकरावा ‘शिकायला येतो’ आणि बारावी मालकांच्या वहिनींकडे पूर्वी कामाला होती म्हणून नुसती बसायला येते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांच्या कायद्यातला दहाचा आकडा वीस करायला मंजुरी दिली, त्यामुळे एकोणीसलाही बरे दिवस येतील. कारखानदारांचं गणित याहून मोठं. 1946 च्या कायद्याने शंभर कामगार असले (महाराष्ट्रात पन्नास) की स्थायी आदेश लागायचे. म्हणजे हजेरी, रजा, शिस्त, गैरवर्तन यांचे नियम लेखी ठेवावे लागत आणि इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत दाराजवळच्या फलकावर लावावे लागत. चार नव्या संहितांपैकी एकीने ही मर्यादा तीनशेवर नेली. आता दोनशे नव्व्याण्णव कामगारांचे कारखाने किती निघतात ते पाहायचं.

पण सीए भित्रा निघाला. त्याने भाच्यालाही मोजलं. तेव्हा शेठनी स्वतःच्या हाताने पत्राचा मसुदा केला आणि ‘जरा मराठीत बसवून द्या’ म्हणून माझ्याकडे आणला. त्यात बसवण्यासारखं काही नव्हतं. सगळं आधीच पक्कं बसलेलं होतं.

कामाची वेळ: दुकान उघडण्याआधीपासून दुकान बंद झाल्यानंतरपर्यंत. पगार: ठरल्याप्रमाणे. (कुणी ठरवला, कधी आणि किती, यांसाठी जागा सोडलेली नव्हती.) कामाचे स्वरूप: मालक सांगतील ते. यात शेठच्या नातवाला क्लासहून आणणं आणि विजेचं बिल भरणं आलं, असं त्यांनी तोंडी स्पष्ट केलं. सुटी: सणाला मिळणार नाही, कारण गिऱ्हाईक सणालाच येतं, सण नसेल तेव्हा सुटीचं कारणच नाही. नोकरी सोडायची तर नोकराने तीन महिने आधी सांगावे, मालकांना काढायचे असल्यास संध्याकाळपर्यंत.

मी म्हटलं, “शेठ, 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. शिवाय 240 दिवस भरले की दर वीस दिवसांना एक भरपगारी रजा. ती पंचेचाळीसपर्यंत साठते.”

“पंचेचाळीस? एवढी सुटी तर मलाही नसते.” शेठ हे बोलले ते तीर्थयात्रेहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी.

“आणि माणूस गेला की त्याचा सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. वेतन संहितेत आहे.”

“दिवाळीनंतर बघू,” शेठ म्हणाले. तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

इथे शेठच्या चिरंजीवांनी तोंड घातलं. ते हिंजवडीला नोकरीला आहेत आणि त्यांच्या मते बाबांचा कारभार मागासलेला आहे. पुरावा म्हणून त्यांनी आपल्या कंपनीची कर्मचारी पुस्तिका दाखवली. जाडजूड, चकचकीत, पूर्ण इंग्रजीत. पहिल्याच पानावर ‘आपण सारे एक कुटुंब आहोत.’ शेवटच्या पानावर, कंपनी ही पुस्तिका कधीही, पूर्वसूचना न देता बदलू शकते. अधल्यामधल्या एका पानावर हिमवर्षावामुळे ऑफिस बंद राहिल्यास काय करावे याच्या सूचना होत्या. मुळा-मुठेला पूर आल्यास काय करावे ते कुठेच नव्हतं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही, अशीही एक अट. असल्या अटी आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाने रद्दबातल ठरतात. तरी त्या छापतात, कारण सही करणाऱ्याला कलम ठाऊक नसतं आणि धाक पुरतो. (ठरावीक वर्षं टिकण्याच्या बाँडचं वेगळं. विजया बँकेची तीन वर्षांची, दोन लाखांची अट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. त्यामुळे सगळंच हसण्यावारी नेऊ नका.)

“वाचलंस का हे?” मी चिरंजीवांना विचारलं.

“वाचलं आणि समजलं यावर टिक केल्याशिवाय लॅपटॉपच देत नाहीत, काका.”

मला बापलेकांत फारसा फरक दिसेना. एकाने काहीच लिहायचं नाही, दुसऱ्याच्या कंपनीने एवढं लिहायचं की कुणी वाचू नये. रविवारी दोघांनाही फोन येतोच.

अखेर पत्र तयार झालं. पगाराचा आकडा आला, रजा आल्या, नेमणुकीची तारीख आली. ती कोणती टाकायची यावर मात्र बरीच घासाघीस झाली. शेठना ती कालची हवी होती, कारण ग्रॅच्युइटी तारखेपासून मोजतात. अण्णांनी दोन्ही प्रतींवर सावकाश, पूर्ण नावाने सही केली. शेठनी दोन्ही प्रती उचलल्या आणि तिजोरीत ठेवल्या. म्हणाले, “अण्णा, तुमच्याकडे हरवेल.”

तेव्हा नोकरदार वाचकांना एवढीच विनंती. तुमचं नेमणूकपत्र निघालं असेल तर त्याची प्रत तुमच्या घरी हवी, मालकाच्या तिजोरीत नव्हे. नाव, पद, पगार आणि रुजू झाल्याची खरी तारीख तपासा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पत्र निघालंच नसेल तर उद्या कामावर गेल्या गेल्या मागा. त्याला पैसे पडत नाहीत.