निर्वातराव

जर्मनीतल्या गॉटिंगेनला ते जर्मन असतात, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला अमेरिकन. काम एकच: उपग्रहाला ढकलणाऱ्या छोट्या थ्रस्टरचा झोत मोजायचा, आणि त्यासाठी पोलादी टाकीतली हवा उपसत बसायचं. आपण त्यांना निर्वातराव म्हणू.

निर्वातराव पाहुण्याला आधी हातमोजे देतात, नमस्कार नंतर. टाकीत बोटाचा ठसा उमटला तर त्याचा तेलकटपणा वाफ होऊन पोकळीत मिसळत राहतो. पितळ आत न्यायचं नाही. त्यातलं जस्त उडतं. साधा स्क्रूसुद्धा संशयित! बंद भोकात पिळलेल्या स्क्रूखाली चिमूटभर हवा अडकते आणि सावकाश झिरपत राहते, म्हणून यांच्या स्क्रूंना मधोमध आरपार छिद्र. आजीचं सोवळं यापुढे ढिलं वाटावं. एवढं करून दाब उतरला नाही, की स्वारी हेलियमची नळी घेऊन टाकीच्या सांध्यासांध्यावर फवारत फिरते आणि तो कुठून आत शिरतोय ते यंत्रावर बघते. गळती सापडली, तर त्या दिवशी घरी गोडधोड.

हा सोस उगाच नाही. उघड्यावर झोताला चहूबाजूंनी हवा दाबून धरते. पोकळीत धरणारं कोणीच नसतं. नोझलबाहेर पडताच तो ऐसपैस फैलावतो, थोडा तर वळून मागेही येतो. तिकडे सौरपट्ट्या असतात, कॅमेऱ्याची भिंगं असतात. त्यांवर किती शिंतोडे बसणार, हे उड्डाणाआधी कळलेलं बरं.

पण रावांचं खरं दुःख निराळंच. इतक्या निगुतीनं पोकळी करायची ज्या थ्रस्टरसाठी, तोच पेटताक्षणी तिच्यात वायू ओकतो! म्हणून पेटवायची वेळ आली की राव चुळबुळतात.

"अजून थोडं उतरू द्या."

"कालही हेच म्हणालात."

"काल भिंतींना पाण्याची वाफ होती."

आज काय आहे, ते सांगत नाहीत.

या ओकलेल्या वायूवर गॉटिंगेनच्या डीएलआर या अवकाश संशोधन संस्थेनं जालीम तोड काढली. टाकीची आतली भिंत द्रवरूप हेलियमनं सुमारे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत गार करायची. झोतातला वायू तिला लागला की तिथंच गोठून चिकटतो. बाकीच्या रावांनी हे ऐकून नुसताच सुस्कारा सोडावा. हेलियमचं बिल कोण भरणार?

विजेवर चालणाऱ्या हॉल थ्रस्टरशी तर त्यांचा उभा दावा. त्याचा जोर जेमतेम एक-दोन कागदांच्या वजनाइतका, आणि टाकीत उरलासुरला वायू असला तर तो गिळून हे महाशय अवकाशात दाखवतील त्याहून जास्त जोर दाखवतात. विकणारे खूश, राव चिडलेले. त्यांच्या अहवालात म्हणून जोराच्या आकड्याशेजारी टाकीतला दाब लिहिलेला असतोच. कुणी थ्रस्टर विकायला आला आणि त्याच्या कागदावर तो आकडा नसेल, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.