साडूंचा व्हर्नियर

आमच्या साडूंच्या मते कंपनी गाडी बनवते, पूर्ण करत नाही. ते काम तिनं साडूंवर सोडलेलं असतं. नवी स्विफ्ट शोरूमबाहेर आली तेव्हा आम्ही हार, नारळ, पेढे यांत गुंतलो होतो आणि साडू मागच्या चाकाशी उकिडवे बसून मडगार्डखाली बोटं घालत होते. "आत गेलंय," ते म्हणाले. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना वाटलं, चाकाखालचं लिंबू आत गेलं. "लिंबू नव्हे, टायर! गाडी कशी अंग चोरून उभी आहे बघा."

गाडीत फेरफार करणाऱ्यांची ही जात तुमच्या ओळखीची आहेच. एरवी ही लागण विशीत होते आणि गृहकर्जाच्या हप्त्यांबरोबर उतरते. साडूंना ती पन्नाशीनंतर झाली. नोकरी जमीन मोजणीची, त्यामुळे मोजायचं वेड मुळातलंच. ते फक्त गुंठ्यांवरून मिलिमीटरवर आलं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी जाडी मोजायचा व्हर्नियर आला.

आणि तो खिशात राहीना. ताईंनी ताटात भाकरी टाकली की आधी व्हर्नियर बाहेर. "कडेला ४.२, मध्ये ३.६. ही हब-सेंट्रिक नाही." ताई शांतपणे म्हणाल्या, "मग टॉर्क रेंचनं खावा." भाच्याच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलीच्या बोटात अंगठी जाईना, तेव्हा भटजींच्या खांद्यावरून हात घालून साडूंनी अंगठीचं भोक मोजलं आणि भर मांडवात जाहीर केलं, "बोर कमी आहे!" मुलीकडच्यांना वाटलं, वजन कमी आहे म्हणतायत. मग सराफाची पावती आली, दोन्हीकडचे मामा उभे राहिले आणि मुहूर्त टळता टळता राहिला.

गाडीचं अंग चोरणं थांबवायला साडूंनी स्पेसर ठरवले. चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची जाड चकती; तिच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं. दुकानदारानं एक 'युनिव्हर्सल' नग पुढं केला. लांबट भोकं, कुठल्याही गाडीला बसेल असा. साडूंनी तो दोन बोटांत धरून परत दिला. "हा सामायिक सातबारा झाला. सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही."

यात मात्र त्यांचं बरोबर होतं. स्विफ्टचे चार स्टड, म्हणजे चाकाचे बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधला हब ५४.१. चकती त्या हबच्या कॉलरवर घट्ट बसली पाहिजे; हब-सेंट्रिक म्हणतात ते हेच. नाही बसली तर चाक मध्यावर राहत नाही आणि वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. म्हणून साडूंनी ओतीव माल नाकारला, ६०६१-टी६ च्या अखंड ठोकळ्यातून कापलेले २० मिलिमीटरचे स्पेसर मागवले, आणि तरी बोर किंचित कमी भरला म्हणून ते घेऊन उद्यमनगरातला टर्नर गाठला. टर्नर म्हणाला, "काका, केसभर जास्त गेलं तर काय हुतंय?"

"केसभरावरनंच केस होते!" साडू कडाडले, आणि बांधाच्या दाव्यांची अशी काही उजळणी केली की टर्नरनं लेथ बंद करून चहा सांगितला.

बसवणी रविवारी झाली, दारात, जॅकवर. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला. मूळ स्टड चकतीतून जरा बाहेर डोकावत होते. साडूंनी व्हर्नियरची शेपटी त्यांना लावली, मग अलॉय चाकाच्या पाठीवरच्या खळग्यांत घातली आणि चक्क देवाला हात जोडले. खळगे पुरेसे खोल होते. नसते तर चाक चकतीऐवजी स्टडच्या टोकांवर टेकलं असतं आणि नट आवळल्यासारखे नुसते वाटले असते. नट आवळायचे ते समोरासमोरचे. "शेजाऱ्याचं आधी आवळलं की वाद," इति साडू. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात, म्हणून सगळं घर गगनबावड्याला निघालं. तिथं धुकं उतरलं होतं, ताई म्हणत होत्या "अहो, बघा तरी," आणि साडूंचे पाय तेवढे गाडीच्या बाजूला दिसत होते.

येताना पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्रर्र आवाज आला. भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासत होतं. साडूंनी भाराचं फेरवाटप केलं आणि सासूबाईंना मागं बसायची कायमची बंदी झाली. जावयानं पुढची सीट दिली, असं त्या आजही गल्लीत सांगतात.

मी एकदा त्यांना डिवचलं. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करायचा नाही; केला तर कलम १८२-अ प्रमाणे फेरफारामागे ५,००० रुपये दंड. लोकांना हद्द सोडू नका म्हणून सांगणाऱ्या माणसानं दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटर सरकावं, हे अतिक्रमण नाही का? साडू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मडगार्डच्या आत आहे. मोजू?"

एका मोजणीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोन सख्खे भाऊ, मधला बांध, दोन हातांची तक्रार. साडूंनी खुणा घातल्या. थोरल्यानं त्यांना विकला गेलेला म्हटलं, धाकट्यानं आंधळा म्हटलं. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर बूट न काढता ते पार्किंगमध्ये गेले. डावं चाक मोजलं, उजवं मोजलं. "दोन्हीकडं सारखं," मला म्हणाले. इथं अपिलात जाणारं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी सासरे गेले. मागं थोडं शेत आणि ते वाटून घ्यायला दोघी बहिणी. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मोजायला साडू आहेतच घरचे. साडू बांधावर आले, फक्कीची पिशवी काखेत घेतली आणि विहिरीच्या पलीकडून, नुसत्या नजरेनं, चालत चालत रेघ ओढत गेले. साखळी नाही, टेप नाही. "विहीर तुमच्याकडं राहू दे. तुमची मुलं लहान आहेत."

रेघ आमच्या बाजूनं चांगलीच फुगली होती. माझ्या बायकोनं तसं बोलून दाखवलं. साडू हात झटकत म्हणाले, "असं? माझ्या नाही लक्षात आलं."

उभी हयात बांध बघितलेल्या माणसाला ते दिसलं नाही, यावर माझा काडीचा विश्वास नाही.