अनन्य क्षेत्र, काही अपवाद वगळता

अमेरिकेत फ्रँचायझी, म्हणजे दुसऱ्याचे नाव व व्यवसायपद्धती वापरण्याचा परवाना, विकणाऱ्या कंपनीने तो घेणाऱ्या दुकानदाराला 'अनन्य क्षेत्र', म्हणजे त्याच नावाचे दुसरे दुकान निघणार नाही असा टापू, मिळणार की नाही हे माहितीपत्राच्या 12व्या कलमात सांगावे, असा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे. नसल्यास कंपनीच स्पर्धक ठरू शकेल, हेही तिनेच लिहून द्यायचे, ही सक्तीची प्रांजळता लोभस खरीच. क्षेत्र मिळाले तरी विमानतळ, महामार्गावरील थांबे आणि ऑनलाइन विक्री पुष्कळदा त्यातून वगळलेली असल्याने दुकानदाराच्या पदरात गिऱ्हाइके वजा जाता उरलेला भूगोल पडतो. शिवाय रॉयल्टी नफ्यावर नव्हे, तर बहुधा एकूण विक्रीवर आकारली जात असल्याने दोन दुकानांनी एकमेकांचा नफा खाल्ला, तरी कंपनीची भूक शाबूत राहते. मॅसॅच्युसेट्समधील महामार्गावर दुसरे बर्गर किंग आल्याने जुन्या दुकानदाराने भरलेल्या दाव्यात, अनन्य क्षेत्र नाकारणे म्हणजे वाटेल तिथे दुकान काढण्याची मुभा नव्हे, असे फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले खरे. परंतु 1999 मध्ये फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येते त्या अकराव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने त्याच कंपनीच्या दुसऱ्या खटल्यात हा तर्क नाकारला आणि करारातील एखादे लेखी कलम मोडल्याखेरीज करारात गृहीत धरलेल्या सद्भावनेच्या भंगाची दाद मागता येत नाही, असे ठरवले.