तीव्र मध्यमाचा सैतान

हेवी मेटल ऐकणाऱ्या माणसाला सहसा कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर "आवाज कमी करतोस का?" एवढंच. त्यामुळे "मलाही जरा ऐकून बघायचंय, सुरुवात कशापासून करू?" असं कोणी बोललं, की त्याचं भान सुटतं. समोरच्याला हवं असतं एक गाणं, त्याच्या पदरात पडतो अख्खा वंशवृक्ष. थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, प्रोग्रेसिव्ह आणि डेथ व डूमने पळून जाऊन लग्न केल्यावर जन्मलेला डेथ-डूम. या पोटजातींत रोटीव्यवहार चालतो, पण बेटीव्यवहार झाला की दोन्हीकडची मंडळी तोंडं फिरवतात.

मग सुरू होतात शिफारशी. एक जण नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' सुचवतो. १९९४ सालचा हा आल्बम चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर ध्वनिमुद्रित केलाय आणि त्याची खरखर मुद्दाम राखलेली आहे. नवख्याला वाटतं, स्पीकर गेला. दुसरा म्हणतो, स्लीपचा 'डोपस्मोकर' ऐक. त्यात गाणं एकच आहे, पण ते त्रेसष्ट मिनिटांचं आहे. तिसऱ्याला ते फार लांब वाटतं, म्हणून तो नेपाम डेथचं 'यू सफर' पुढे करतो. १९८७च्या 'स्कम' या आल्बममधलं हे गाणं १.३१६ सेकंदांचं आहे आणि जगातलं सर्वांत छोटं म्हणून गिनीज बुकात गेलेलं आहे. ऐकणारा "लावलंस का?" म्हणेपर्यंत ते संपून शांतता पसरलेली असते.

तिन्ही शिफारशी आपापल्या जागी चोख आहेत. फक्त त्या विचारणाऱ्यासाठी नाहीत. मेटलवाला अशा वेळी शिफारस करत नसतो, स्वतःची तपश्चर्या मोजून दाखवत असतो.

या जमातीत अपवाद म्हणावा असा एक भाचा डोंबिवलीत राहतो. त्याची आत्या संगीत विशारद, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली. आतोबा हौशी तबलजी. म्हणजे तबला वाजवतात कमी आणि दुसऱ्याचा चुकला की दाखवतात जास्त. एका रविवारी आत्याने विषय काढला. "तुझ्या काळ्या टी-शर्टांवर ती भुतं असतात ना, ती नेमकी गातात तरी काय?" भाच्याने वंशवृक्ष गिळला आणि आत्याचे कान कशावर पोसलेत याचा विचार केला. मग ब्लॅक सॅबाथचा पहिला आल्बम लावला.

पाऊस पडतो, लांबवर घंटा वाजते आणि गिटारवर तीन सूर येतात. आधी षड्ज, मग वरचा षड्ज आणि मग त्या दोघांच्या बरोबर मध्ये तिसरा. आत्याने डोळे मिटले.

"तीव्र मध्यम," ती म्हणाली. "पंचम टाळलाय."

भाच्याने सांगितलं, की युरोपात या स्वरांतराला लॅटिनमध्ये 'संगीतातला सैतान' असं नाव पडलेलं आहे. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती, अशी कथाही मेटलवाले मोठ्या प्रेमाने सांगतात. पुराव्याच्या बाजूने ती लंगडी आहे, पण टी-शर्टावर छान दिसते.

"सैतान?" आत्या म्हणाली. "अरे, हा यमनातला मध्यम. मी पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवत होते. आणि रिषभ कोमल करून, पंचम काढून संध्याकाळी बसलास की मारवा होतो. अस्वस्थ वाटणारच, त्यासाठीच तर आहे तो."

युरोपला ज्याने घाम फोडला, तो सूर आत्याच्या वर्गात दोन वेण्या घालून बसलेला होता. मात्र हा आल्बम निघाला १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ. आत्याने मुहूर्ताबद्दल मत दिलं नाही. तिला त्या गिटारवाल्याची माहिती हवी होती.

ती मात्र सांगण्यासारखी आहे. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा. पत्रे कापायच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. गाणंबजावणं करायचं म्हणून नोकरी सोडलेली आणि त्या दिवशी शेवटची पाळी. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पूर्ण करून ये. तो परत गेला, एका गैरहजर कामगाराच्या यंत्रावर बसला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर डाव्या हाताच्या दोनच बोटांवर स्वर वाजवणारा तो गिटारवादक. आयोमीने मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'पर्यंत तर काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. तारा ढिल्या झाल्या, बोटांना सोसायला लागल्या आणि आवाज असा जाड निघाला, की पुढच्या पन्नास वर्षांच्या मेटलने तोच धरून ठेवला.

"आईचं ऐकलं म्हणून बोटं गेली," आत्या म्हणाली, "आणि आईचं ऐकलं म्हणून हे सगळं झालं. त्या बाईचा फोटो लावा टी-शर्टावर."

दुसरा आल्बम 'पॅरानॉइड' त्याच वर्षीचा, आणि अनेकांना तो पहिल्यापेक्षा सोपा जातो. आल्बमची लांबी कमी पडत होती म्हणून काही मिनिटांत जुळवलेलं गाणं त्याला नाव देऊन गेलं. आधी आल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' ठरलं होतं आणि मुखपृष्ठही त्यासाठीच काढलेलं. नाव बदललं, चित्र राहिलं. त्यामुळे ढाल-तलवार घेऊन धावणारा तो माणूस इतकी वर्षं तिथे काय करतोय, हे बघणाऱ्याला कळत नाही. ५ जुलै २०२५ रोजी हा बँड बर्मिंगहॅमलाच शेवटचा वाजला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला गायक ऑझी ऑस्बोर्न गेला.

इथे भाच्याने थोडं व्याकरण सांगितलं. ॲम्प्लिफायरमधून गिटारचा आवाज मुद्दाम फाडला, की सूर जितके जास्त तितका चिखल जास्त. म्हणून मेटलवाले कॉर्डमधला गंधार काढून टाकतात आणि षड्ज-पंचम एवढीच जोडी ठेवतात. तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधारच नाही, त्यामुळे ती धड आनंदीही नाही आणि धड दुःखीही नाही.

आत्याने कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे पाहिलं. एक तार पंचमाची, तीन षड्जाच्या. "मग हा आपला तानपुराच की," ती म्हणाली. "फक्त रागावलेला."

प्रस्तुत लेखकाच्या मते शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला यापुढे फारसं समजावावं लागत नाही. इतरांसाठी वाटा वेगळ्या. ज्याला टाळ्यांवर धरता येईल असं गाणं हवं, त्याने जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' घ्यावा, साल १९८०. हेही बर्मिंगहॅमकडचेच. ध्वनिमुद्रण झालं एका आलिशान घरात, जे आधी जॉन लेननचं होतं आणि तेव्हा रिंगो स्टारचं. तयार आवाज यंत्रातून काढायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून मंडळींनी दुधाच्या बाटल्या फोडल्या आणि काटेचमच्यांचा ट्रे गदागदा हलवून यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काढला. चामड्याचे कपडे, साखळ्या, मोटारसायकल असा थाट. आणि आवाज स्वयंपाकघरातला.

"मेटल म्हणजे किंचाळणं" असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांना आयर्न मेडन द्यावं. ब्रूस डिकिन्सन स्वच्छ, ताणून आणि सुरात गातो. १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह'मध्ये कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं आहे. इंग्रजी घेऊन एमए झालेल्यांनी परीक्षेआधी ते ऐकलं असतं, तर मार्गदर्शिकेचे पैसे वाचले असते. डिकिन्सन विमानचालकही आहे. २००८ साली बँडने सामानसुमानासकट जायला बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, ते तोच चालवत होता, आणि त्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. भाचा तिथे होता. घरी त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टचं सांगितलं होतं आणि दोन दिवस मान वळत नव्हती, तेव्हा प्रोजेक्ट फार अवघड होता असंही सांगितलं.

लोकलने जाणाऱ्यांसाठी स्लेयरचा १९८६चा 'रेन इन ब्लड'. अख्खा आल्बम जेमतेम २९ मिनिटांचा. इतका आखूड, की कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर तो पूर्णच्या पूर्ण भरला होता. ठाण्याला लावावा, दादर येईपर्यंत संपतो आणि चौथ्या सीटसाठी भांडायचं बळ येतं. त्यातला गायक टॉम अराया आधी रुग्णालयात श्वसनोपचार करायचा. पहिल्याच गाण्यातली त्याची आरोळी ऐकली, की श्वासाचा विषय त्याचा पक्का होता हे पटतं. शब्दांच्या वाट्याला मात्र पहिल्या दिवशी जाऊ नये, आणि जेवताना तर कधीच नाही.

प्रश्न उरतो तो गुरगुरण्याचा. हा उंबरठा अनेकांना ओलांडता येत नाही. आत्याने गळ्याच्या मास्तरणीसारखा थेट मुद्द्याला हात घातला. "याचा घसा बसत नाही?"

नीट शिकलेल्याचा बसत नाही. गुरगुरताना मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंचं कंपन वापरलं जातं आणि भार सगळा पोटातून येणाऱ्या श्वासावर. न्यू यॉर्कची मेलिसा क्रॉस ही शिक्षिका हेच शिकवते. चुकीच्या पद्धतीने ओरडणाऱ्याचा घसा अर्थातच बसतो, पण तो आरतीतही बसतो. सवय व्हायला स्वीडनच्या ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' चांगला, २००१ सालचा. मिकाएल ओकरफेल्ट त्यात एका कडव्यात रेडा आणि दुसऱ्यात पाडगावकरांना शोभेल असा हळुवार होतो. दोन गायक आहेत असं आत्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. गुरगुर नकोच असेल तर त्यांचाच 'डॅम्नेशन' आहे, २००३चा. त्यात ती औषधालाही नाही.

आतोबा इतका वेळ पेपर वाचत होते. मेटलमध्ये तालाला काही अर्थ नसतो, असं ते पेपराआडून म्हणाले आणि भाच्याने मेशुगाचं 'ब्लीड' लावलं. २००८च्या 'ऑबझेन'मधलं. यात ढोलवाल्याचा हात झांजेवर चार सरळ मोजत राहतो, पण दोन्ही पाय आणि गिटारी भलत्याच आकड्यांत चालतात आणि बऱ्याच फरफटीनंतर सगळे एका ठिकाणी भेटतात. आतोबांनी पेपर खाली ठेवला. गुडघ्यावर बोटं चालू झाली. चुकले, पुन्हा धरलं, पुन्हा चुकले. तिसऱ्या खेपेला मात्र सगळे एकत्र आले त्याच क्षणी त्यांचीही थाप पडली आणि ते एवढ्या जोरात "सम!" म्हणून ओरडले, की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. त्यानंतर त्यांनी ते चार वेळा लावायला लावलं. गाण्याबद्दल अजून ते काही बोलत नाहीत, पण तो झांजवाला मात्र "तयार आहे" म्हणतात.

मुंबईकराने परदेशाकडेच बघायचं कारण नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक भरायचं आणि घामाने निथळणारी पोरं तिथून शेवटच्या गाडीसाठी पळायची. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने त्या खुल्या नाट्यगृहाचा आवाज बंद झाला. पण बँड थांबले नाहीत. 'स्क्राइब'ने २०१०मध्ये आल्बमला 'मार्क ऑफ तेजा' नाव दिलं, 'अंदाज अपना अपना' पाठ असलेल्या पिढीला ते वेगळं सांगावं लागलं नाही; २०१४ला 'हेल मोगँबो' आला. 'भयानक मौत' या नावाचा बँड आहे आणि तो नावाला जागतो.

आत्याचं मन मात्र बसलं डेमॉनिक रिझरेक्शनवर. साहिल मखिजाने २००० साली मुंबईत उभा केलेला हा बँड. त्यांचा २०१७चा आल्बम 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. कोकणात रात्ररात्र दशावतार पाहिलेल्या आत्याने आधी क्रम तपासला, तो बरोबर निघाला. नृसिंहाचं गाणं लागल्यावर ती म्हणाली, की गुरगुर पहिल्यांदाच योग्य माणसाच्या तोंडी आली.

मैफलीत उंचावतात त्या दोन बोटांच्या शिंगांचंही तिने विचारून घेतलं. ती रूढ केली रॉनी जेम्स डिओने, ऑझीच्या जागी सॅबाथमध्ये आल्यावर. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. "म्हणजे मीठ-मोहऱ्या," आत्या म्हणाली आणि विषय संपला.

मग भाच्याने सहज सांगितलं, की हा साहिल मखिजा 'हेडबँगर्स किचन' नावाचा कीटो पाककृतींचा कार्यक्रमही करतो आणि तो बराच लोकप्रिय आहे. आत्या एकदम सावरून बसली. गुरगुरणारा मुलगा स्वयंपाक करतो म्हटल्यावर त्याच्याबद्दल उरलासुरला संशय फिटला. तिने चष्मा लावला, वही घेतली.

"कीटो म्हणजे काय रे?"

"भात नाही, पोळी नाही, बटाटा नाही, साखर नाही."

आतोबांनी 'ब्लीड' थांबवलं. "हे बघ," ते भाच्याला म्हणाले, "गाणी काय लावायची ती लाव. पण हे असलं काही घरात आणू नकोस."