ग्रॅमभाऊ

नाशिकच्या कॉलेज रोडला हल्ली जितक्या जिम, त्याच्या दसपट ग्रॅमभाऊ. ओळखायला सोपे. निफाडला पारा घसरून द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवत असतात, तेव्हाही हे बिनबाह्यांच्या बनियनवर चहाच्या टपरीशी उभे. चहा घेत नाहीत. कारण त्यात ‘काही नाही’.

यांना भूक ग्रॅममध्ये लागते.

“आई, वरणात किती ग्रॅम?”

“दोन डाव वाढलंय. तेवढे.”

माउलीनं एकदा त्या महागड्या डब्यात काय असतं ते विचारलं. चीज करताना उरलेल्या पाण्यातलं, म्हणजे ‘व्हे’मधलं, प्रोटीन वेगळं काढून वाळवतात, असं भाऊंनी समजावलं. “म्हणजे नासलेल्या दुधाचं पाणीच की,” म्हणून ती कणीक मळायला गेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये सांगितलेलं प्रोटीनचं प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम. नेटानं व्यायाम करणाऱ्याला 1.4 ते 2 लागतात. भाऊ पाऊण तास जिममध्ये असतात, त्यातला बराच वेळ आरशापुढे. पण आकडा त्यांनी 2 चा धरलाय. वजन 70, म्हणजे 140 ग्रॅम. शिवाय ‘व्यायामानंतर अर्ध्या तासाच्या आत पोटात गेलं पाहिजे’ हा दंडक. त्यामुळे मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडीवर बसून शेकर खडखडवणारा दिसला, तर तो हाच. स्नायूंची डागडुजी पुढं दिवसभर, किंबहुना जास्तच चालते आणि दिवसाचा एकूण हिशेब महत्त्वाचा, हे त्याला सांगेपर्यंत सिग्नल सुटतो.

रविवारी मिसळ. “मटकी डबल, शेव बाजूला.” मग चमच्यानं रश्श्यातली मटकी एका कडेला ओढून अंदाज घेणं चालतं. पोऱ्या बघत उभा. “भाऊ, अजून आणतो, पण मोजू नका.” मटकीच्या हिशेबात पाव किती गेले, ते मात्र कुणीच मोजत नाही. बाजूला काढलेली शेवही शेवटी जातेच.

त्यानंतर पांडवलेणी. दहाव्या लेण्यातल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात यानं तीन लाख गाई दान दिल्याचं कोरलंय. हे ऐकून भाऊंनी मोबाइलवर गुणाकार सुरू केला. “एवढं व्हे! आणि जिम एक नाही?”

चढताना काही झालं नाही. घात उतरताना होतो. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत राहतो, त्याला बारीक इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. भाऊ याला ‘लॅक्टिक ॲसिड’ म्हणतात. ते बिचारं तासा-दोन तासांत निघूनही गेलेलं असतं. मंगळवारी भाऊ टेबलाला धरून खुर्चीत बसले, तेही चेहऱ्यावर अभिमान घेऊन. जिम बंद, रिकव्हरी चालू, अंडी दुप्पट.

शुक्रवारी पाय दुखायचे थांबले. भाऊ हबकले. “आई, स्नायू वाढायचे थांबले नसतील ना गं?”